न्यू फोल्डर तीन

शुक्रवारी चार वाजता शेठ म्हणाले,
सोमवारपासून येऊ नका.
पाच वाजता ईरण्णाने माझं मशीन बंद केलं,
माझ्याचसमोर, जरा लाजत,
आणि मी डबा, घरातली चप्पल, यल्लम्माचा छोटा फोटो,
दिवाळीत मिळालेला सेकंड मालातला टॉवेल
असं सगळं एका पिशवीत कोंबून
अक्कलकोट रोडला रिक्षाची वाट बघत उभी राहिले.
अकरा वर्षं.
पिशवी भरलीसुद्धा नव्हती.

अशोक चौक ओलांडताना आठवलं:
आईचा रिपोर्ट.
तो मी ऑफिसातच स्कॅन केला होता,
बाहेर पानाला पाच रुपये घेतात म्हणून.
त्याच्या शेजारी माझ्या फारकतीचा मसुदा,
वकिलाने लाल केलेल्या ओळींसकट.
आणि राजीनाम्याचं पत्र,
सात वेळा लिहिलेलं,
एकदाही न दिलेलं.
सगळं न्यू फोल्डर तीनमध्ये.
नावसुद्धा द्यायचं सुचलं नव्हतं.

ईरण्णा फोनवर म्हणाला,
अक्का, मला हात लावायला बंदी हाय बगा,
शेठलाच इचारा.
शेठ म्हणाले, मशीन आमचं, बाई.
त्यात जे आहे ते कंपनीचं.
आवाजात राग नव्हता.
सुताचा दर सांगावा, तितकंच.

नायना चाळीस वर्षं माग चालवत होते.
रात्रपाळी करून यायचे तेव्हा
भुवयांवर, कानात, कॉलरच्या घडीत कापूस.
आम्ही दोघी बहिणी फुंकून उडवायचो,
ते डोळे मिटून बसायचे.
तो कापूस कारखान्याचाच होता की.
कुणी दारात येऊन मागितला नाही.
माझं उलटं झालंय.
मीच तिथे अडकले, बारीक बारीक,
आणि तिथे फुंकायला कोण आहे?

हे इथवर लिहिलं आणि थांबले होते.
पुढचं लिहायचं नव्हतं.

मी रुजू झाले तेव्हा त्या खुर्चीवरून
कलशेट्टी सर नुकतेच उठले होते.
त्यांचंही एक फोल्डर राहिलं होतं.
एप्रिलची दुपार, लाइट गेलेली, माग गप्प,
बॅटरीवर फक्त माझा पडदा उजळ.
शेंगाचटणीचा हात रुमालाला पुसला
आणि उघडलं.
मुलीला आलेल्या नकारांची यादी.
तारीखवार, चौदा स्थळं.
अकराव्यापुढे एकच शब्द: रंग.
चौदाव्यापुढे काहीच नाही, नुसती रेघ.
मी वरून खालपर्यंत वाचली.
मग परत वाचली.
फोन केला नाही. पुसलीही नाही.
डी ड्राइव्हमध्ये सरकवून दिली
आणि हॅम्बुर्गच्या गठ्ठ्यांची वजनं टाकत बसले.

दोन वर्षांनी विजापूर वेशीत सर भेटले,
हातात पालकाची जुडी.
मी विचारलं, शिवलीला कशी आहे?
बरी आहे, म्हणाले,
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आता माझ्या खुर्चीवर कुणीतरी मुलगी बसते.
तिलाही जेवणाची सुट्टी असेल.
लाइट अजून जातेच.
तिला काय सांगणार मी?
वाचू नकोस?

काल रात्री कलशेट्टी सरांना फोन लावला.
म्हटलं, सर, तुमचं एक फोल्डर त्या मशीनवर,
मी तेव्हा,
म्हणजे अजूनही ते तिथेच असेल.
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
माहीत आहे, ते म्हणाले.
वेशीत तुम्ही शिवलीलाचं नाव घेतलंत.
कंपनीत मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग बराच वेळ कुणीच काही नाही.
मग त्यांनीच विचारलं,
तुमचं काय राहिलंय तिथे?

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.